सोडून दिलेले क्रियापद

॥ श्री ॥
आळंद
३ फेब्रुवारी २०२५

सौ. विभा हीस,

तुझे पत्र परवा मिळाले. संबोधन "आदरणीय सर" असे आहे. तू माझ्या वर्गात बसत होतीस तेव्हा घरातले नाते दाराबाहेर ठेवून यावे, असा नियम मीच केला होता. तो तू अजून पाळतेस, याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार मला नाही.

तुझी आई गेली त्या दिवशी शेजारच्या रामकिशनने तुला फोन केला आणि तू मुडबीहून आलीस. अंगणातल्या कडुनिंबाखाली उभी राहिलीस. मी तुला "आत ये" म्हटले नाही, "जा" असेही म्हटले नाही. तिला नेले, आणि तू परत फिरलीस. त्यानंतरचे हे पहिले पत्र. त्यात आईचा उल्लेख नाही. प्रश्न आहे तो फक्त तुझ्या नववीच्या वर्गाचा. म्हणून उत्तरही प्रथम तेवढेच देतो.

मेक, लेट, सी, हिअर या क्रियापदांनंतर सर्वनाम येते आणि त्यापुढचे क्रियापद उघडे, म्हणजे 'टू' न लावता येते. तुझी मुले मध्ये 'टू' घालतात. माझीही घालत असत. नियम पाठ करून घेतल्याने ही सवय जात नाही. प्रथम या क्रियापदांचे दोन गट पाडून दाखव. मेक आणि लेट या गटात एक माणूस दुसऱ्याच्या करण्यावर सत्ता चालवतो. एकात तो भाग पाडतो, दुसऱ्यात मोकळीक देतो. सी, हिअर, वॉच या गटात तो काहीच करत नाही. नुसता साक्षी असतो. मग प्रत्येकाचे एकेक वाक्य फळ्यावर लिही. "शी मेड हिम ईट." "ही लेट देम प्ले." "आय सॉ हर गो टू द बस." मुलांकडून मोठ्याने म्हणवून घे. कानाला सवय लागली की हात आपोआप बरोबर लिहितो.

'हेल्प' हे क्रियापद मात्र वर्गात घेऊ नकोस. ते 'टू' घेऊनही चालते आणि न घेताही चालते, त्यामुळे मुले गोंधळतात. परीक्षेतही ते येत नाही. नोकरीभर मी तेवढे सोडून देत आलो.

मुलांच्या चुकीचा नमुना म्हणून तू "माय फादर मेड मी टू लीव्ह" हे वाक्य दिले आहेस. ते एका विद्यार्थ्याचे आहे असे तू लिहितेस. मी तसेच मानतो.

अधिक शंका असल्यास लिहावे. घरात नवऱ्यालाही विचारता येईल. बालाजी मामाकडे राहून इथे शिकत होता तेव्हा मी त्याला 'लेट'चे उदाहरण विचारले होते. मागच्या बाकावरून तो म्हणाला, "लेट मी गो सर, बस जायलीय." वर्ग हसला. मी त्याला तासभर दाराबाहेर उभे केले. वाक्य मात्र निर्दोष होते.

अच्युतराव


आळंद
२० फेब्रुवारी २०२५

चि. विभा हीस,

तुझे दुसरे पत्र मिळाले. माझी उदाहरणे कोरडी आहेत, असे तू लिहिले आहेस. ते खरे असेल. शेवटी तू विचारतेस: "तिसऱ्या वाक्यातली 'हर' कोण? कोणती बस?"

उदाहरण म्हणून पटकन सुचले ते लिहिले होते. तरी विचारलेस म्हणून सांगतो. 'हर' म्हणजे तुझी आई, आणि बस अफजलपूरकडची.

तू घर सोडून गेल्यानंतरच्या वर्षी तिने दर पौर्णिमेला गाणगापूरला जायचे ठरवले. आपले घराणे वैष्णव. दत्तदर्शनाला नेमाने जाण्याची आपल्याकडे रीत नाही. पण तिचे माहेर अफजलपूरचे. त्या लोकांची गाणगापूरवर श्रद्धा आहे. ती म्हणाली, "पुनवेला मधुकरी वाढून येत जाते. नवस हाय माझा." कसला नवस, हे मी विचारले नाही. मी तिला जाऊ देत असे.

पौर्णिमेच्या पहाटे ती सोवळ्याने स्वयंपाकाला बसे. ज्वारीच्या भाकऱ्या, शेंगांची चटणी, आणि मोठ्या पातेल्यात गव्हाची हुग्गी. हुग्गीला गूळ घातला की वास ओसरीपर्यंत येई. देवाला नैवेद्य दाखवून ती सगळे डब्यांत भरी, डबे जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधी आणि उजाडता उजाडता बसस्टँडची वाट धरी. दाराशी थांबून "येते" म्हणे. मी वर्तमानपत्रातून मान वर न करता "हूं" म्हणे. मग ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी खिडकीतून पाहत असे.

तिथली पद्धत तुला ठाऊक असेल. भर दुपारी मधुकरी मागतात आणि वाढतात. त्या वेळी देव कोणत्या तरी रूपाने रांगेत उभा असतो अशी समजूत आहे, म्हणून पुढे आलेली झोळी कोणी रिकामी परत पाठवत नाही. ती तिथे कोणाकोणाला वाढत असे, हे मला ठाऊक असण्याचे कारण नाही.

गेल्या आठवड्यात माघी पौर्णिमा झाली. मी सवयीने लवकर उठलो आणि खिडकीशी जाऊन बसलो. स्वयंपाकघर थंड होते.

तुझ्या वर्गातल्या मुलांना आता 'टू' गाळता येतो का, ते कळव.

अच्युतराव


आळंद
१५ मार्च २०२५

चि. विभा,

तुझे उत्तर आले नाही. न येण्याचे कारण मला समजते. मागच्या पत्रात "हे मला ठाऊक असण्याचे कारण नाही" असे मी लिहिले. ते वाक्य वाचून तू पत्र मिटून ठेवले असशील.

मला ठाऊक होते.

तू जातीबाहेर, बालाजीशी लग्न केलेस त्या संध्याकाळी मी तुझ्या आईला देवघरात बोलावले. तिच्या उजव्या हातावर पाणी सोडले आणि तिच्याकडून वदवून घेतले, की या घरात शिजलेले अन्न ती तुला वाढणार नाही आणि तुझ्या पंक्तीला बसणार नाही. तिने एकदाच विचारले, "कामून असं करायलात हो? लेक हाय ती." मी म्हणालो, "पाणी वाळायच्या आत बोल." ती बोलली. हे तुला तिने कधी सांगितले की नाही, मला माहीत नाही. सांगितले नसावे; माझी अब्रू तिने नेहमीच माझ्यापेक्षा जास्त सांभाळली.

गाणगापूरला जाणे सुरू होऊन वर्ष झाले तेव्हा एका मार्गशीर्ष पौर्णिमेला मी तिच्या मागच्या बसने गेलो. संशय होता असे म्हणणे सौम्य होईल. मला तिला पकडायचे होते. देवळाकडे जाणाऱ्या गल्लीत फुलवाल्याच्या दुकानाचा खांब आहे. त्याच्या आडोशाला माझी बारमाही काळी छत्री उघडून, चेहरा झाकून मी उभा राहिलो. तुझी आई डबे उघडून वाढत होती. रांगेत गोसावी होते, आंधळे होते, नवसाची माणसे होती. आणि त्यांच्यामध्ये ओढणीची झोळी करून तू उभी होतीस.

तुझी पाळी आली. तिने इतरांना वाढली तशीच एक भाकरी तुला वाढली, चटणी ठेवली, हुग्गीचा द्रोण दिला. तुम्ही दोघी एक शब्द बोलला नाहीत. तू पुढे सरकलीस, ती पुढच्या झोळीकडे वळली. नंतर तू पलीकडच्या पायरीवर बसून जेवलीस. ती वाढता वाढता अधूनमधून तिकडे पाहत होती.

तिने शपथ मोडली नव्हती. नैवेद्य दाखवून गाणगापुरी आणलेले अन्न आपल्या घराचे उरत नाही. ते देवाचे असते. आणि मधुकरीच्या रांगेत लेक नसते, झोळी असते. माझ्या तोंडून निघालेली शब्दरचना तिने माझ्याहून बारकाईने वाचली होती. मी आलो तसा परतलो.

तू म्हणशील, मग बोललात का नाही? मी माझी अशी समजूत घातली, की न बोलणे म्हणजेच अनुमती. मी पाहतो आहे आणि जाऊ देतो आहे. आणखी काय करायचे? कित्येक पौर्णिमा मी स्वतःला उदार समजत होतो.

पण तेवढ्यावर मी थांबलो नाही. संध्याकाळी ती परतली, पाय धुऊन ओसरीवर टेकली, की मी विचारत असे: "रांगेत कोण कोण होते?" वर्गात एखादा मुलगा गृहपाठ विसरला हे ठाऊक असूनही त्याला उभे करून विचारावे, तसे. ती काहीतरी सांगे. अनोळखी माणसांच्या गोष्टी. मी पुढचा प्रश्न विचारी: "कुठली होती ती? कोणाची?" ती सांगे, "विचारलं न्हाई." मग मी समाधानाने वर्तमानपत्र उचलत असे. ती खोटे बोलते आहे हे मला कळत होते, आणि तिला खोटे बोलायला मीच लावत होतो. देवासमोर कधी असत्य न बोललेली बाई. दर पौर्णिमेला ती भीत भीत घरी येत असेल, आणि मी तिची परीक्षा घेत असे.

हे तुला सांगितल्याने माझे ओझे हलके व्हावे, अशी माझी अपेक्षा नाही. ते व्हावे असे मला वाटतही नाही.

अच्युतराव


आळंद
२ एप्रिल २०२५

चि. विभा,

अजून तुझे पत्र नाही. तरी एक गोष्ट राहिली आहे, ती लिहितो. त्यानंतर तू उत्तर दिले नाहीस तर मी समजून घेईन.

मागच्या वैशाखी पौर्णिमेला ती पहाटे उठली ती भिंतीला धरून. स्वयंपाक झाला, पण मध्येच ती दोनदा खाली टेकली. डबे बांधून झाल्यावर ती उंबऱ्यावर बसून राहिली. श्वास लागत होता. बाहेर सकाळीच ऊन तापले होते. तेव्हा मी एवढेच म्हणायला हवे होते: "तू जाऊ नकोस. विभाला इकडे बोलाव." रामकिशनच्या फोनवरून निरोप दिला असता तर दुपारपर्यंत तू आपल्या ओसरीवर असतीस. हे वाक्य माझ्या मनात पूर्ण तयार होते. मी म्हणालो ते असे: "मग या खेपेला नवस चुकणार म्हणायचा."

मी टोमणा मारला होता. ती उठली. "न्हाई चुकायचा," म्हणाली आणि निघाली. मी खिडकीतून पाहिले. वळणापर्यंत जायला तिला नेहमीपेक्षा फार वेळ लागला.

त्या दिवशी रांगेत तू तिला पाहिलेच असशील. संध्याकाळी परतली तेव्हा ओठ पांढरे पडले होते. मी नेहमीचा प्रश्न विचारला. होय, तरीही विचारला. ती म्हणाली, "सगळ्यांना पुरलं. उरलं पण." आणि तिथेच आडवी झाली.

कलबुर्गीच्या दवाखान्यात ती नवमीपर्यंत होती. एकदा शुद्धीवर नीट आली तेव्हा तिने मला खाटेजवळ बोलावले. म्हणाली, "अहो, तुम्हाला एक सांगायचं होतं पुनवेचं." मला कळले ती काय सांगणार. आणि विभा, मी घाबरलो. तिने सांगितले असते तर "मला ठाऊक होते" असे म्हणावे लागले असते, आणि मग इतकी वर्षे मी काय करत होतो याचे उत्तर द्यावे लागले असते. मी म्हणालो, "डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे. विश्रांती घे." डॉक्टरांनी तसे काही सांगितले नव्हते. ती म्हणाली, "बरं."

त्यानंतर ती बोलली नाही. आपण नवऱ्याला फसवले, हे मनात घेऊन ती गेली. आणि एका वाक्यात तिची सुटका करणे माझ्या हाती होते.

तुझा दोष धरण्यासारखे आता माझ्याजवळ काही उरलेले नाही. माझे एवढेच म्हणणे आहे.

अच्युतराव


आळंद
२१ एप्रिल २०२५

चि. विभा,

तुझे पत्र मी आज चौथ्यांदा वाचले. तू फार थोडे लिहिले आहेस. मी ते इथे उतरवून काढतो, कारण ते मला स्वतःच्या अक्षरात पाहायचे आहे.

"अप्पा, आईला ठाऊक होते. मार्गशीर्षात तिने तुम्हाला खांबाआड पाहिले. तुमच्या छत्रीच्या मोडलेल्या काडीला पांढरा दोरा तिनेच बांधला होता. त्या दिवसापासून ती हुग्गीचा शेवटचा द्रोण झाकून ठेवायची. रांग संपली की खांबाकडे पाहायची. कोणी आले नाही की गाईला घालायची. मी चिडायचे. ती म्हणायची, 'एकदा येऊन हात पुढं केला तर त्यांला न्हाई कोण म्हणतंय?' आणि ती तुमच्याशी एकदाही खोटे बोलली नाही. ती काय काय सांगत होती ते आठवून पाहा."

मी आठवून पाहिले. दोन दिवस दुसरे काही केले नाही.

एकदा ती म्हणाली होती, "एक लेक होती रांगेत. लई वाळलीय. शाळा लांब पडते म्हणे तिला." मी विचारले, कुठली? ती म्हणाली, "बसवकल्याणकडची दिसायली." मुडबी त्याच बाजूला. एकदा म्हणाली, "त्या लेकीला दिवस गेल्यात. मी दोन भाकरी वाढले." एकदा म्हणाली, "तिचा नवरा आला होता संगं. भांडं धरून उभा होता गुमान. बरा हाय पोरगा." मी म्हणालो, "तुला दिसतात ते सगळे बरेच असतात." ती हसली होती. मला वाटले, बचावली म्हणून हसते आहे.

आणि एकदा ओसरीवर टेकता टेकता ती म्हणाली, "एका लेकराचं नाव ठेवायचंय. आई विचारायली होती. तुम्ही शिकलेले, सांगा की एखादं चांगलं." मी वर्तमानपत्र खाली ठेवून नावांच्या अर्थावर बराच वेळ बोललो आणि "नेत्रा" हे नाव सुचवले. कोणाचे लेकरू हे मला कळले नाही असे लिहिले तर ते असत्य होईल. मला कळले होते. मी ते परक्या माणसाला सांगावे तसे सांगितले, आणि ती म्हणाली, "छान हाय. सांगते."

तुझ्या मुलीचे नाव नेत्रा आहे, हे मला रामकिशनकडून कळले तेव्हाही मी "अस्सं" एवढेच म्हणालो होतो.

विभा, मी तुला लिहिले की ती भीत भीत घरी येत असेल. ते चुकले. भीत मी होतो. ती दर पौर्णिमेला माझ्या पुढ्यात तुझी खुशाली आणून ठेवत होती आणि मी ती तपासून परत करत होतो. दवाखान्यात तिला कबुली द्यायची नव्हती. मी बोललो नाही म्हणून ती बोलणार होती. आणि त्या वेळीही मीच तिला गप्प केले. माझी समजूत होती की अपराध काय हे मला ठाऊक आहे आणि मी तो प्रामाणिकपणे मांडला आहे. त्यातही मी स्वतःला तिच्यापेक्षा जाणता ठरवून घेतले होते.

आता मागणे. १२ मे रोजी वैशाखी पौर्णिमा आहे. आईच्या जागी तू मधुकरी वाढावीस. स्वयंपाक मुडबीला तुझ्या घरी, तुझ्या चुलीवर व्हावा. मी रांगेत उभा राहीन. पुढे आलेली झोळी परत पाठवत नाहीत हा तिथला नियम आहे, पण तो नियम तू माझ्यासाठी पाळलाच पाहिजेस असे नाही. तू मला ओलांडून पुढच्या माणसाला वाढलेस तर मी रांगेतून मुकाट्याने बाजूला होईन आणि पुन्हा पत्र लिहिणार नाही.

या पत्राला उत्तर पाठवू नकोस. पाठवलेस तर मी ते वाचून तयारी करून येईन, आणि मला तयारी करून यायचे नाही.

अप्पा


आळंद
१४ मे २०२५

चि. विभा,

परवा तिथे आपण फारसे बोललो नाही आणि परतीची बस लगेच आली, म्हणून लिहितो.

मी छत्री मुद्दाम घरी ठेवली होती. मी पोहोचलो तेव्हा तू वाढायला सुरुवात केली होतीस. बालाजी पातेले धरून उभा होता. त्याने मला प्रथम पाहिले आणि वर्गात खाली घालत असे तशी मान खाली घातली. नेत्रा एकेक द्रोण उचलून तुझ्या हातात देत होती. तिची हनुवटी तुझ्या आईची आहे. हे मला कोणी सांगितले नव्हते.

रांगेत माझ्या पुढे एक म्हातारे गोसावी होते. ते म्हणाले, "नवीन हाव व्हय? झोळी ढिली धरा, न्हाईतर भाकर मोडते." मी उपरणे ढिले धरले. गोसाव्यांना वाढून तू माझ्यापुढे आलीस.

तू थांबलीस, हे मी पाहिले. ओलांडून जाशील असे वाटले आणि ते योग्यच आहे असेही वाटले. पण तू हातात भाकरी घेऊन उभी राहिलीस आणि मला कळले की वाट तू पाहते आहेस. माझे हात पोटाशी होते. उपरणे त्यांत होते. ते पुढे करायचे एवढेच काम होते, आणि ते मला होईना. जन्मभर मी लोकांना उभे केले, बाहेर काढले, जाऊ दिले; कोणाकडे काही मागितले नाही. मागचे लोक कुजबुजू लागले.

तेव्हा तू म्हणालीस, "अप्पा, हात पुढं करा की. माणसं खोळंबलीत."

तरी ते उठेनात. मग तू भाकरी डाव्या हातात घेतलीस आणि उजवा हात माझ्या मनगटाखाली घालून माझे हात वर केलेस, अक्षर गिरवताना मुलाचा हात धरतात तसे. आणि वाढलेस. सगळ्यांना दिलीस तेवढीच भाकरी, तेवढीच चटणी. मला ते फार बरे वाटले.

मी पायरीवर जाऊन बसलो, तू पूर्वी बसत होतीस त्या. हुग्गीला गूळ थोडा कमी होता. तुझी आई लेकीचा स्वयंपाक म्हणून काही बोलली नसती. मीही बोलणार नव्हतो, पण असत्य न लिहिण्याचे ठरवले आहे. रांग संपल्यावर तू पातेल्याच्या तळाचा झाकून ठेवलेला द्रोण काढलास. मला वाटले तो तू मला देशील. तू तो घेऊन माझ्या शेजारी पायरीवर बसलीस आणि स्वतः जेवू लागलीस. ज्या पंक्तीला बसायची मी एकीला बंदी केली, त्या पंक्तीला तू मला बसवून घेतलेस. आपण एकमेकांकडे पाहिले नाही. तिकडे बालाजी नेत्राला म्हणत होता, "सरांना पाणी दे जा," आणि ती म्हणाली, "कोण सर?"

पुढच्या बुधवारी नवमी. आईचे वर्षश्राद्ध. संकर्षण आचार्यांनी विचारले, स्वयंपाकाला कोण आहे. मी म्हणालो, माझी मुलगी. ते पंचांग मिटून "कळवतो" म्हणाले. ते आले तर येतील. तुझ्या आईचे स्वयंपाकघर मी काल धुऊन घेतले. गूळ कोणत्या डब्यात असतो ते मला सापडले नाही. तुला ठाऊक असेल.

तुझ्या नववीच्या वर्गाबद्दल एक दुरुस्ती. 'हेल्प' सोडून दे, असे मी तुला लिहिले होते. ते सोडू नकोस. मुले गोंधळली तर गोंधळू देत. तेही शिकव, उदाहरण आता तुझ्याजवळ आहे.

बुधवारी सकाळच्या बसने या, तिघेही. दार उघडे ठेवून आत बसणे आता माझ्याच्याने होणार नाही, म्हणून मी बसस्टँडवर येऊन उभा राहतो. छत्री आणतो. नेत्राला ऊन लागेल.

तुझा
अप्पा